काळी फिल्म, कुल्फीवाल्याची पावडर आणि वेस्टर्न ब्लॉटचं बॅकग्राउंड

वेस्टर्न ब्लॉट म्हणजे नमुन्यातलं एखादं प्रथिन अँटीबॉडीनं शोधून फिल्मवर रेघेच्या रूपात पाहण्याची पद्धत. तीत एका रेघेच्या जागी अख्खी काळी फिल्म हातात आली की विचारायला कुणीतरी जवळ लागतं. मोठ्या संस्थेत शेजारच्या बाकावर कुणी ना कुणी असतं, "सेकंडरी किती घातली होतीस?" असं विचारणारं. आमचं कॉलेज वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे आणि तिथं वेस्टर्न करणारी मी एकटीच. सर मार्गदर्शक आहेत, पण त्यांचं आयुष्य रोपांच्या शरीरक्रियाशास्त्रात गेलेलं. ब्लॉट त्यांनीही माझ्याबरोबरच शिकला. रेघेभोवतीचा हा नको असलेला काळेपणा, म्हणजे बॅकग्राउंड, घालवण्यात आमचं जवळपास अर्धं वर्ष गेलं. अशाच एखाद्या कोपऱ्यातल्या लॅबमध्ये कुणी अडकलं असेल तर त्याचे काही महिने वाचावेत म्हणून हे सगळं क्रमानं लिहून ठेवते.

काम तुरीचं. आमच्याकडे तूर बहुतेक कपाशीच्या ओळींमधून घेतात. पेरणी झाली, पावसानं दडी मारली आणि ऊन चढलं की कोवळी रोपं कशी तगतात, हा प्रश्न. उष्णता वाढली की वनस्पतीची पेशी एचएसपी-७० नावाचं प्रथिन जास्त बनवते, बाकीची प्रथिनं बिघडू नयेत म्हणून. कुंडीतली रोपं ४२ अंशांना दोन तास ठेवायची, पानांमधून प्रथिनं काढायची, जेलवर वेगळी करायची, पीव्हीडीएफ मेंब्रेनवर (प्रथिनं धरून ठेवणाऱ्या पातळ कागदासारख्या पटलावर) उतरवायची आणि अँटीबॉडीनं एचएसपी-७० किती आहे ते पाहायचं. पहिली अँटीबॉडी (प्रायमरी) एचएसपी-७० ला धरते, दुसरी (सेकंडरी) त्या पहिलीला, आणि सेकंडरीला जोडलेलं एचआरपी हे एन्झाइम ईसीएल या द्रावणातून उजेड पाडतं, तो फिल्मवर उमटतो. कागदावर चार दिवसांचं काम.

खरेदीचं इंडेंट (मागणीपत्र) ऑगस्ट २०२३ मध्ये टाकलं. तीन कोटेशनं, तुलनात्मक तक्ता, मग खरेदी समिती. अँटीबॉडीची अडचण अशी की तीच वस्तू तीन कंपन्या बनवत नाहीत, त्यामुळे तक्त्यात तुलना कशाशी करणार? शेवटी कंपनीचं प्रोप्रायटरी सर्टिफिकेट (ही वस्तू फक्त आम्हीच बनवतो असं पत्र) आणि "हीच अँटीबॉडी का" असं सरांच्या सहीचं एक पान जोडलं, तेव्हा फाईल पुढे सरकली. हे दोन्ही कागद इंडेंटलाच लावून द्या, म्हणजे फाईल मधूनच परत येत नाही. समितीची बैठक झाली दिवाळीनंतर. माल परदेशातून यायचा म्हणून आणखी दोन महिने. शंभर मायक्रोलिटरची कुपी, जीएसटी धरून चाळीस हजारांच्या आसपास. सेकंडरी अँटीबॉडी त्यामानानं स्वस्त, दहा हजारांच्या घरात.

जानेवारीत अँटीबॉडी नागपूरला डीलरकडे आली. थंड माल तालुक्यापर्यंत पोचवायला कुरिअरवाला तयार होईना. मग थर्माकोलच्या डब्यात जेल पॅक भरून मी ती एसटीनं आणली. डबा मांडीवर घेऊन बसलेली पाहून कंडक्टरनं विचारलं, "मॅडम, मासोळी हाय का यात?" मी "औषध आहे" म्हटलं, ते काही त्याला पटलं नसावं.

लॅबमध्ये आल्याबरोबर प्रायमरीच्या दहा-दहा मायक्रोलिटरच्या छोट्या कुप्या केल्या आणि उणे वीसला ठेवल्या. तीच कुपी पुन्हा पुन्हा वितळवली-गोठवली की अँटीबॉडी खराब होते, गुठळ्या धरते आणि तो त्रासही शेवटी बॅकग्राउंड म्हणूनच दिसतो. आमची सेकंडरी एचआरपी जोडलेली, लेबलवर चार अंश लिहिलेली. ती गोठवली नाही. एचआरपीच्या कुठल्याही द्रावणात सोडियम अझाइड घालू नका, त्या एन्झाइमचं कामच बंद पडतं. आमच्याकडे लाइन जाते, म्हणून डीप फ्रीझरच्या रिकाम्या जागेत पाण्याच्या गोठलेल्या बाटल्या भरून ठेवल्या आहेत. दोन-तीन तास तरी निभावतं.

पहिला ब्लॉट फेब्रुवारीत. ईसीएलचा उजेड टिपायला लागणारा इमेजर आमच्याकडे नाही, म्हणून एक्सरे फिल्म. गावातल्या बहुतेक एक्सरेवाल्यांनी डिजिटल मशीन घेतलंय. एका जुन्या डॉक्टरांकडे मात्र डार्करूम, डेव्हलपर-फिक्सरच्या टाक्या आणि लाल दिवा शिल्लक होता. संध्याकाळी पेशंट संपले की दोनशे रुपयांत खोली मिळायची, फिल्मचे पैसे वेगळे. फिल्म घेताना निळ्या उजेडाला संवेदनशील असलेली मागा. ल्युमिनॉलचा उजेड निळा असतो, ४२५ नॅनोमीटरच्या आसपासचा.

एक मिनिटाची फिल्म पूर्ण काळी. दहा सेकंदांचीही काळी. फरक इतकाच की जिथं ७० किलोडाल्टनची (एचएसपी-७० च्या वजनाची) रेघ हवी तिथं फिकट, पांढरट पट्टा, जणू कुणी खोडरबर फिरवलाय. तिथले टेक्निशियन म्हणाले, "एक्सपोजर कमी करा न मॅडम." पण दहा सेकंदांच्या खाली कॅसेट हातानं उघड-बंद करायची तरी कशी? त्या दिवशी एक गोष्ट मी वहीत नोंदवून ठेवली आणि ती पुढं कामी आली. लाल दिवा बंद केल्यावर अंधारात मेंब्रेन डोळ्यांना निळसर चमकताना दिसत होती, सगळीच्या सगळी.

इथं थोडं थांबून ब्लॉकिंग म्हणजे काय ते सांगते. मेंब्रेनला कुठलंही प्रथिन चिकटतं, तो तिचा गुणच. जेलमधली प्रथिनं उतरली तरी मेंब्रेनचा बराचसा भाग रिकामा असतो. अँटीबॉडी हेही प्रथिनच. रिकामी जागा दिसली की ती तिथंच बसणार. म्हणून रांगोळीआधी अंगण सारवून घ्यावं तसं आधी एखादं स्वस्त, निरुपद्रवी प्रथिन सगळीकडे पसरून रिकाम्या जागा भरून टाकायच्या. १९७९ मध्ये टोबिन आणि सहकाऱ्यांनी प्रथिनं जेलमधून नायट्रोसेल्युलोजवर उतरवण्याची पद्धत दिली. १९८४ मध्ये जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी ब्लॉकिंगच्या कामाला साय काढलेल्या दुधाची पावडर चालते हे दाखवलं, आणि तेव्हापासून लॅबोलॅबी दूध आलं. पीव्हीडीएफ नायट्रोसेल्युलोजपेक्षा जास्त प्रथिन धरते, मजबूतही असते, पण त्याचमुळे बॅकग्राउंडही जास्त देऊ शकते.

साहजिकच पहिला संशय दुधावर गेला. आमच्या लॅबमध्ये होता किराणा दुकानातला चहाचा व्हाइटनर. डब्याची मागची बाजू वाचली तर त्यात साखर, आणि फॅटही भरपूर. ब्लॉकिंगला हवी ती स्किम्ड मिल्क पावडर, जिच्यात फॅट दीड टक्क्याच्या आत असतं. लॅबच्या कॅटलॉगमधली पावडर पाहिली. किंमत हजारांत आणि पुन्हा तीच तीन कोटेशनं. लॅबमधले भाऊ म्हणाले, "बसस्टँडवरच्या कुल्फीवाल्याले विचारा, थो पोतंच आनते." गेले. कुल्फीवाल्यानं पोत्याचं तोंड उघडून दाखवलं, वर डेअरीचा शिक्का आणि स्किम्ड मिल्क पावडर असं स्वच्छ छापलेलं. "हाय ना ताई, किती पाह्यजे? पण इचा चहा काही चांगला नाही होत बरं," असं वर बजावलंही. अर्धा किलो घेतली, दोनशे रुपयांच्या आत.

आता त्या दोनशे रुपयांची गोष्ट. कुल्फीवाल्याकडे जीएसटीची पावती कुठून असणार? साध्या कागदावर लिहून दिलं. लेखा विभागानं दोन शेरे मारले: पावती कच्ची आहे, आणि दूध पावडर हे संशोधन साहित्य कसं? मी एक पानी खुलासा लिहिला, सोबत एका पेपरमधल्या पद्धतीच्या पानाची झेरॉक्स, त्यात "पाच टक्के स्किम्ड मिल्क" या शब्दांखाली पेन्सिलनं रेघ. सरांची सही, विभागप्रमुखांची सही. बिल जूनमध्ये पास झालं, "रसायने" या शीर्षाखाली. असे छोटे खर्च करणार असाल तर आधी आकस्मिक खर्चातून मंजुरीची एक ओळ घेऊन ठेवा, नंतरच्या पत्रापत्रीपेक्षा ते सोपं.

पावडर भिजवण्याचीही एक रीत आहे. शंभर मिली टीबीएसटी बफरला पाच ग्रॅम. सगळं बफर एकदम ओतलं तर गुठळ्या होतात. आधी थोड्या बफरमध्ये पावडर पेस्टसारखी कालवून घ्यायची, मग बाकीचं बफर हळूहळू घालत वीस मिनिटं मॅग्नेटिक स्टररवर. त्यानंतर गाळणं. व्हॉटमन नंबर १ च्या कागदातून पाच टक्के दूध गाळायला बसलात तर दुपार जाते, म्हणून मी सेंट्रिफ्यूजमध्ये ५००० आरपीएमवर दहा मिनिटं फिरवून वरचं दूध अलगद ओतून घेते. तळाशी करड्या रंगाचा थर बसलेला दिसतो. न विरघळलेले हेच कण मेंब्रेनवर बसून फिल्मवर काळे ठिपके देतात. टीबीएसटी म्हणजे २० मिलिमोलर ट्रिस, १५० मिलिमोलर मीठ, पीएच ७.६ आणि ०.१ टक्का ट्वीन-२० हा सौम्य डिटर्जंट. ट्वीन मधासारखं घट्ट असतं, साध्या टिपनं ओढलं तर मापात येत नाही. टिपचं टोक कात्रीनं कापून हळू ओढायचं, किंवा दहा टक्क्यांचं द्रावण करून ठेवायचं. मी दुसरं करते.

नव्या दुधानं ठिपके गेले. काळेपणा होता तसाच.

मार्चमध्ये सर म्हणाले, बॅकग्राउंड बॅकग्राउंड म्हणतेस, पण ते कोणत्या प्रकारचं आहे ते आधी ठरव. मला वाटतं या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात कामाचं वाक्य तेच. विखुरलेले ठिपके असतील तर दुधाचे कण किंवा सेकंडरीतल्या गुठळ्या, आणि सेकंडरी वापरण्याआधी पाच मिनिटं जोरात फिरवून वरचं द्रावण घेतलं की त्या जातात. डाग, चट्टे, बोटांचे ठसे दिसले तर मेंब्रेन कुठंतरी सुकली, बुडबुडा राहिला किंवा ग्लोव्ह्जशिवाय हात लागला. ठरावीक जागी जादा रेघा आल्या तर अँटीबॉडी दुसऱ्या प्रथिनाला धरतेय किंवा नमुना जास्त झालाय. त्यात ब्लॉकिंग फार काही करू शकत नाही. आणि सगळीकडे सारखा काळा-करडा पडदा असेल, जसा माझा, तर कमी ब्लॉकिंग, जास्त अँटीबॉडी आणि अपुरं धुणं या तिघांपैकी कुणीतरी. तिघांतला कोण, हे नुसता अंदाज बांधून कळत नाही. तपासावं लागतं.

त्यासाठी मी एकच रुंद खाच असलेला कंगवा लावून जेल केला, सगळ्या खाचेत एकच नमुना, आणि तो मेंब्रेनवर उतरवला. पोन्सो एस हा प्रथिनांचा रंग लावल्यावर गुलाबी रेघा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ दिसल्या. पट्टी ठेवून नव्या ब्लेडनं चार-चार मिलिमीटरच्या उभ्या पट्ट्या कापल्या. प्रत्येकीच्या वरच्या टोकाला पेन्सिलनं नंबर. पेननं लिहाल तर शाई मेथॅनॉलमध्ये पसरते. खाचांचा तयार ट्रे विकत मिळतो, पण भाऊंनी झाकणाच्या काचेच्या नळ्या रॉकरवर आडव्या ठेवायचं सुचवलं. एका नळीत दोन मिली द्रावण पुरतं, अँटीबॉडी वाचते. पट्ट्या पाण्याबाहेर अर्धा मिनिटही ठेवायच्या नाहीत. पीव्हीडीएफ सुकली की पांढरी खडूसारखी दिसते, मग पुन्हा मेथॅनॉलमध्ये भिजवण्यापासून सुरुवात.

एका पट्टीला कुठलीच अँटीबॉडी नाही, फक्त ईसीएल. एकीला फक्त प्रायमरी. एकीला फक्त सेकंडरी. एकीला नेहमीसारखी दोन्ही. सगळ्या पट्ट्या पारदर्शक प्लास्टिक फोल्डरमध्ये शेजारी शेजारी ठेवल्या, एकच फिल्म, एकच वेळ. अँटीबॉडी नसलेली पांढरी. फक्त प्रायमरीची पांढरी. फक्त सेकंडरीची मात्र नेहमीच्या पट्टीइतकीच काळी.

म्हणजे प्रायमरीचा यात काही संबंधच नव्हता. सेकंडरी आपण होऊन मेंब्रेनवर सगळीकडे बसत होती. कारण शोधायला लॅबची जुनी वही काढली. सेकंडरीचं १:२००० हे प्रमाण वहीत लिहिलेलं होतं ते डॅबच्या काळातलं, म्हणजे तपकिरी रंगाची रेघ मेंब्रेनवरच उमटवण्याच्या पद्धतीचं. त्या पद्धतीला ते प्रमाण बरोबर. ईसीएल तिच्यापेक्षा कितीतरी संवेदनशील; तिला इतकी सेकंडरी म्हणजे पूरच. अंधारात मेंब्रेन डोळ्यांना चमकताना दिसली आणि रेघेच्या जागी पांढरा पट्टा आला, या दोन्ही गोष्टी जास्त एचआरपीच्याच खुणा. रेघेच्या जागी एन्झाइम इतकं असतं की फिल्म लावेपर्यंत तिथलं सब्स्ट्रेट संपून जातं.

पुढच्या पट्ट्यांवर १:५०००, १:१०,०००, १:२०,००० आणि १:४०,०००. वीस हजारला पडदा गेला आणि रेघ उभी राहिली; चाळीस हजारला रेघही फिकी झाली. वीस हजारपट एकदम पातळ करायला जाऊ नका, अर्धा मायक्रोलिटर कुठलंच पिपेट नीट मोजत नाही. आधी दोन मायक्रोलिटर १९८ मध्ये, मग त्यातलं पन्नास मायक्रोलिटर दहा मिलीत. प्रायमरीही याच पद्धतीनं तपासून हजारावरून पाच हजारावर आणली. म्हणजे चाळीस हजारांची कुपी पाचपट पुरणार होती, आणि ही गोष्ट सरांनी खरेदी समितीच्या पुढच्या बैठकीत आवर्जून सांगितली.

म्हणून माझं स्पष्ट मत सांगते. बॅकग्राउंड आलं की जो तो दूध बदलायला धावतो, ब्लॉकिंग तासाचं रात्रभर करतो, पाच टक्क्यांचं दहा करतो. आधी फक्त सेकंडरीची एक पट्टी चालवा. एका संध्याकाळचं काम आहे. ती पांढरी आली तरच दुधामागे लागा.

सेकंडरीचं गणित बसल्यावर ब्लॉकिंगच्या तुलनेला अर्थ आला. सरांच्या ओळखीनं नागपूरच्या एका लॅबमधून थोडं बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) मिळालं. दुधाच्या तुलनेत ते फार महाग, आणि महाग म्हणजे चांगलं असा आमचाही समज. पट्ट्या केल्या: तीन टक्के दूध, पाच टक्के दूध, तीन टक्के बीएसए आणि एक नुसत्या टीबीएसटीची. नुसत्या टीबीएसटीची अर्थातच काळवंडली. बीएसएची रेघ ठळक, पण मागे करडी सावली. दोन्ही दुधांची पार्श्वभूमी स्वच्छ, आणि पाच टक्क्यांपेक्षा तीन टक्क्यांत रेघ थोडी जास्त उठून दिसली. दूध जास्त झालं की काही अँटीबॉडींची पकडही झाकली जाते. हे माझ्या अँटीबॉडीपुरतं खरं. सशात केलेल्या दुसऱ्या पॉलिक्लोनल अँटीबॉडीला नेमकं उलट निघू शकतं. काही ठिकाणी मात्र दूध नकोच. फॉस्फेट लागलेलं प्रथिन शोधत असाल तर दुधातलं केसिन स्वतःच फॉस्फोप्रथिन आहे. बायोटिन-स्ट्रेप्टाव्हिडिनची जोडी वापरत असाल तर दुधात बायोटिन असतं. सेकंडरी शेळीच्या किंवा मेंढीच्या अँटीबॉडीविरुद्धची असेल तर ती दुधातल्या गाईच्या अँटीबॉडीलाही धरू शकते. माझी सेकंडरी सशाविरुद्धची, त्यामुळे तो प्रश्न आला नाही.

एप्रिल उजाडला आणि चांगला बसलेला ब्लॉट पुन्हा बिघडला. प्रत्येक प्रोटोकॉलमध्ये "रूम टेंपरेचरला एक तास" असं लिहिलेलं असतं. ते लिहिणाऱ्याची रूम वीस-पंचवीस अंशांची. आमची एप्रिल-मेमध्ये कूलर लावूनही छत्तीस-सदतीसची, बाहेर पंचेचाळीस. संध्याकाळी केलेलं दूध रात्रभर बाहेर राहिलं की सकाळी आंबूस वास मारतं, आणि नासलेल्या दुधात भिजलेली मेंब्रेन कशी दिसते ते विचारूच नका. ट्रिसचा पीएचही तापमानाबरोबर सरकतो, दर अंशाला साधारण ०.०३ नं खाली. पंचवीस अंशांना ७.६ केलेलं बफर सदतीसला ७.३ च्या आसपास येतं. त्यानं ब्लॉट बिघडतोच असं नाही, पण दर महिन्याला निकाल वेगळा का येतो याची कारणं शोधताना हेही एक ध्यानात ठेवावं लागतं. त्यातच एका दुपारी लाइन गेली, रॉकर थांबला, डबा कलता राहिला आणि मेंब्रेनची एक कड दुधाबाहेर येऊन सुकली. फिल्मवर त्या कडेला काळा काठ.

मग उन्हाळ्याचं वेगळं वेळापत्रक बसवलं. पहाटे सहाला जेल, दहाच्या आत ट्रान्सफर, म्हणजे मेंब्रेनवर उतरवणं. ट्रान्सफरच्या टाकीभोवती बर्फ. ब्लॉकिंग दुपारी एक तास, फ्रीजमधून काढलेल्या ताज्या दुधात, आणि डबा बर्फाच्या पाण्याच्या परातीत. प्रायमरी रात्रभर चार अंशांना. फ्रीजमध्ये रॉकर मावत नाही, म्हणून मेंब्रेन प्लास्टिकच्या पिशवीत पाच मिली द्रावणासह, बुडबुडे काढून, हीट सीलरनं बंद करून आडवी ठेवायची. लाइन गेली तरी फरक पडत नाही. दूध रोजचं रोज करायचं. फ्रीजमध्ये दोन दिवसांच्या वर मी ठेवत नाही.

धुण्याबद्दल थोडक्यात. पाच मिलीत अर्धा तास धुण्यापेक्षा पन्नास मिलीत पाच मिनिटं बरी. सेकंडरीनंतर पहिल्यांदा दोनदा नुसतं खंगाळून ओतायचं, मग पाच-पाच मिनिटांचे पाच वॉश, आणि मधे डबा बदलायचा. सेकंडरी डब्याच्या भिंतीलाही चिकटून बसते आणि शेवटच्या वॉशमध्ये परत सुटते. शेवटचा वॉश ट्वीनशिवाय. ट्वीन वाढवून धुणं जोरदार करायचा मोह होतो, पण फार वाढवलं तर मेंब्रेनवरचं प्रथिनच निघून जायला लागतं. मी ०.१ टक्क्यावरच राहिले.

जूनमध्ये पाऊस आला, लॅब तीसवर उतरली, पडदा गेला तो गेलाच. उरली एक हट्टी रेघ, ५५ किलोडाल्टनच्या जागी, प्रत्येक नमुन्यात. दुधानं ती हलेना, सेकंडरी पातळ करूनही हलेना, आणि फक्त सेकंडरीच्या पट्टीवर ती नव्हती. पानाच्या नमुन्यात त्या जागी कोण बसतं हे वनस्पतीवाल्यांना सांगायला नको: रुबिस्कोचा मोठा भाग, पानातलं सगळ्यात मुबलक प्रथिन. पोन्सोमध्ये तिथंच सगळ्यात जाड गुलाबी रेघ होती. एका खाचेत चाळीस मायक्रोग्रॅम प्रथिन घालत होतो ते पंधरावर आणलं. ५५ ची रेघ जवळजवळ गेली, ७० ची टिकली. हे काम ब्लॉकिंगचं नव्हतंच, आणि प्रकार आधी ओळखण्याचा सरांचा आग्रह इथंही उपयोगी पडला.

जुलैमध्ये हवी ती फिल्म मिळाली, एक मिनिटाची. पार्श्वभूमी जवळपास पारदर्शक, ४२ अंशांच्या रोपांची रेघ ठळक, न तापवलेल्यांची फिकी. ती फिकी रेघ बघून घाबरू नका. वनस्पतीत याच कुटुंबातली काही प्रथिनं एरवीही कायम असतात आणि बहुतेक अँटीबॉडी त्यांनाही धरतात. कंट्रोल कोरा येणार नाही. टेक्निशियननी फिल्म लाल दिव्यापाशी धरून बराच वेळ पाहिली आणि विचारलं, "एवढ्या दोन रेघांसाठी होतं काय हे सगळं?"

पेपर पाठवताना जर्नलनं न कापलेल्या ब्लॉटच्या मूळ प्रतिमा मागितल्या. बरीच जर्नलं आता मागतात. फिल्म डेव्हलप झाल्याबरोबर मार्करच्या (वजनं ओळखायच्या रेघांच्या) जागा, तारीख, एक्सपोजरची वेळ आणि प्रमाणं कोपऱ्यात लिहायची सवय ठेवा. आमच्या काळ्या फिल्मही तारखेनिशी पाकिटात आहेत. पट्ट्यांच्या प्रयोगाची फिल्म पुरवणी आकृती म्हणून गेली.

पेपरसाठी लोडिंग कंट्रोल (सगळ्या खाचांत सारखंच प्रथिन घातल्याचा पुरावा) म्हणून पोन्सोचा फोटो तूर्त चालला, पण पुढच्या कामाला ट्युब्युलिन या पेशीत कायम असणाऱ्या प्रथिनाची अँटीबॉडी लागेल. यावेळी प्रोप्रायटरी सर्टिफिकेट आणि समर्थनाचं पान इंडेंटबरोबरच लावलं आहे. कोटेशन आलं आहे, बैठक पुन्हा दिवाळीनंतर.